स्पेक्ट्रोमीटर भंगारात काढण्यापूर्वी

संपादक महोदय,

महाविद्यालयांत जुन्या उपकरणांच्या अपलेखनाची यादी निघते, तेव्हा तीत एखाद्या छोट्या यूएसबी स्पेक्ट्रोमीटरपुढेही (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या उपकरणापुढेही) शेरा पडतो: 'सॉफ्टवेअर चालत नाही'. मेलेला असतो तो विंडोज एक्सपीवाला संगणक. स्पेक्ट्रोमीटरच्या डबीत प्रकाश फोडणारे ग्रेटिंग, आरसे आणि तो टिपणारा डिटेक्टर जागच्या जागी असतात. हलणारा भाग एकही नाही, झिजणार काय? इंदूरच्या प्रयोगशाळांनी असा डबा लिलावात काढण्यापूर्वी एक दुपार त्याला द्यावी.

ओशन ऑप्टिक्सच्या यूएसबी-२०००, यूएसबी-४००० यांसारख्या मॉडेलांसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उपकरण चालवणारे 'सीब्रीझ' हे मुक्तस्रोत पायथन पॅकेज आहे. उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली चालेल असा साधा संगणक त्याला पुरतो. गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर. पॅकेज बसते, पण उपकरण सापडत नाही किंवा उघडत नाही. मग केबल बदलतात, शेवटी उपकरणावर ठपका. त्याआधी टर्मिनलवर यूएसबीची यादी काढून पाहावी. तीत २४५७ हा उत्पादक क्रमांक दिसला, तर उपकरण बोलते आहे. अडचण परवानगीची आहे. सीब्रीझबरोबर येणारी ओएस-सेटअपची आज्ञा एकदा चालवली की लिनक्सच्या नियमांची फाइल बसते. त्यानंतर केबल काढून पुन्हा लावायची. हे राहून गेले की तोच एरर परत.

दुसरा घोटाळा एककाचा. सीब्रीझला इंटिग्रेशन टाइम, म्हणजे डिटेक्टर एका मोजणीत प्रकाश गोळा करतो तो वेळ, मायक्रोसेकंदात लागतो. १०० मिलिसेकंद हवे असतील तर १,००,००० लिहायचे. नुसते १०० लिहिले तर यूएसबी-२००० ते नाकारतो, कारण त्याची किमान मर्यादाच ३ मिलिसेकंद आहे. यूएसबी-४००० चे काउंट, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेचे आकडे, ६५,५३५ ला संपतात. कोऱ्या द्रावणाचे (नमुना न घातलेल्या द्रावकाचे) शिखर ५०-५५ हजारांच्या आत ठेवावे. ते वर सपाट झाले तर त्या भागातले शोषणांक खोटे. दिवा झाकून घेतलेला डार्क स्पेक्ट्रमही त्याच इंटिग्रेशन टाइमचा हवा. वेळ बदलली की डार्क नव्याने घ्यायचा, याला पळवाट नाही.

तरंगलांबी खरी आहे का, हे जिन्यातली जुनी ट्यूबलाइट सांगते. पाऱ्याच्या रेषा ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरवर दिसायला हव्यात. ६११च्या आसपासची ठळक तांबडी रेषा पाऱ्याची नव्हे, फॉस्फरमधल्या युरोपियमची. तिच्यावर कॅलिब्रेशन (तरंगलांबीची जुळवणी) करू नये. पांढरा एलईडी इथे निरुपयोगी, त्याला अशा रेषाच नसतात. रेषा सरकल्या असतील तर दुरुस्ती आपल्या प्रोग्राममध्ये करावी. उपकरणाच्या मेमरीतले चार कॅलिब्रेशन गुणांक पुसण्याआधी, खरे तर पुसूच नयेत, पण निदान वहीत उतरवून ठेवावेत.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ज्या डबल-बीम यंत्राची (नमुना आणि कोरे द्रावण दोन किरणांनी एकाच वेळी मोजणाऱ्या मोठ्या यंत्राची) आज्ञावली कंपनीने उघड केलेली नाही, तिथे इलाज नाही. पीथमपूरच्या औषध कारखान्यांना गुणवत्ता तपासणीसाठी ऑडिट ट्रेल (कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद) आणि व्हॅलिडेशन (पद्धत योग्य असल्याचा लेखी पुरावा) लागते. घरी लिहिलेली पायथनची फाइल तिथे पुढे करू नये. पण बी.एस्सी., एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांना ती भरपूर झाली.

नवीन खरेदीच्या निविदेत दोन ओळी वाढवाव्यात: संगणकाशी संवादाच्या आज्ञांची पुस्तिका उपकरणासोबत मिळावी, आणि कच्चे काउंट सीएसव्ही फाइलमध्ये निघावेत. नकार मिळणार असेल तर तो पैसे देण्यापूर्वीच कळेल.

— प्रयोगशाळेत काम करणारे दोन वाचक, इंदूर