नोटेतला धागा युद्धाने आणला

महोदय,

नाशिकच्या जडणघडणीचा विषय निघाला की गाडी हमखास पुढाऱ्यांच्या नावांवर येऊन थांबते. कोणी काय आणले, कोणाच्या काळात काय मिळाले, याची यादी सुरू होते. नाशिकरोडच्या प्रेसपुरते, म्हणजे नोटा, तिकिटे आणि मुद्रांक छापणाऱ्या सरकारी छापखान्यापुरते, तरी हे अर्धसत्य आहे. तिथे काय छापायचे आणि कसे छापायचे, हे बऱ्याचदा दूरच्या युद्धांनी ठरवले. सह्या करणारे नंतर आले.

१९१७ पर्यंत रुपया म्हणजे चांदी. एक तोळ्याचे, म्हणजे ११.६६ ग्रॅमचे नाणे आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला की नाणे वितळवणे परवडू लागले. असे झाले की टाकसाळीने कितीही नाणी पाडली तरी ती पेटीत जातात नाहीतर मुशीत. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली आणि जानेवारी १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची. नोटा तेव्हा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. युद्ध संपल्यावर, १९२५ मध्ये, नाशिकरोडला टपाल तिकिटांची छपाई सुरू झाली. १९२८ मध्ये नोटा आल्या आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. युद्धातल्या त्या दोन लहान नोटा मात्र १ जानेवारी १९२६ पासून बंद झाल्या होत्या. कारण साधे आहे. लहान नोट हातोहात फिरून लवकर फाटते, पण तिचा छपाईचा खर्च काही किमतीच्या हिशेबात कमी होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रकार पुन्हा झाला. १९४० मध्ये एक रुपयाची नोट परत आली, नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि मार्च १९४३ मध्ये दोन रुपयांची नोट निघाली. पण या युद्धाने आणखी एक गोष्ट केली. जपानने दहा रुपयांच्या नोटांची उत्तम नक्कल केली. त्यामुळे सहाव्या जॉर्जचा एका बाजूने दिसणारा चेहरा काढून समोरून दिसणारा चेहरा घेतला गेला, जलचिन्ह बदलले, आणि भारतीय नोटेत पहिल्यांदा सुरक्षा धागा आला.

धागाच का, हे समजून घेण्यासारखे आहे. छपाई कितीही बारीक असली तरी ती कागदाच्या पृष्ठभागावर असते. फोटो काढून प्लेट बनवणारा कुशल माणूस तिच्या जवळपास पोचतो. धागा आणि जलचिन्ह मात्र कागद तयार होतानाच, ओल्या लगद्यात घालावे लागतात. जलचिन्ह म्हणजे शाई नव्हे. जिथे लगदा पातळ बसतो तिथून उजेड जास्त येतो, जाड बसतो तिथे सावली दिसते. हे करायचे तर कागदाची गिरणीच हवी. ती नसलेला नकलाकार दोन पातळ कागदांच्या मध्ये पट्टी घालून ते चिकटवतो आणि जलचिन्ह तेलकट शाईने उमटवतो. अशा नोटेच्या कडा पाण्यात सुटू लागतात आणि तिचे जलचिन्ह उजेडात न धरताही दिसते. आजची पाचशेची नोट उचलून कडेच्या उठावदार वर्तुळावर आणि पाच तिरक्या रेघांवर बोट फिरवा. तो उठाव इंटाग्लिओ छपाईचा. प्लेटमध्ये खोल कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या रेषांत घुसवायचा. नोट जुनी झाली की हा उठाव आधी झिजतो, म्हणून नुसत्या स्पर्शावरून कळकट नोटेचा निकाल लावू नये.

पासपोर्टचेही तसेच. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक लोक त्याच्याशिवाय देशाबाहेर जात-येत. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखाली तो सक्तीचा झाला आणि युद्ध संपल्यावर ती सक्ती उठण्याऐवजी १९२० च्या पासपोर्ट कायद्याने कायम झाली. आज ती पुस्तिका नाशिकरोडलाच छापली जाते.

नाशिकजवळच्या ओझरला मिग ही लढाऊ विमाने बनवणारा कारखाना उभा राहिला, त्याबद्दलही एक दुरुस्ती. ‘चीनचे युद्ध झाले म्हणून मिग आले’ असे सर्रास लिहिले जाते. सोव्हिएत रशियाशी मिग-२१ चा करार ऑगस्ट १९६२ मध्ये झाला, युद्ध ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. करारामागे पाकिस्तानला अमेरिकेकडून मिळालेली एफ-१०४ विमाने होती. चीनच्या युद्धाने घाई वाढवली, आणि त्याच युद्धामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी विभागणी झाली. पुढाऱ्याचे वजन कारखान्याची जागा ठरवू शकते. कारखान्याची गरज ठरवत नाही.

नेत्यांचा आणि यंत्रांचा संबंध कधीकधी उलटाही लागतो. १५ ऑगस्ट १९४८ ला स्वतंत्र भारताने गांधीजींची तिकिटे काढली, ती स्वित्झर्लंडमध्ये छापून. चेहऱ्यावरच्या छटा नीट यायच्या तर फोटोग्राव्ह्युअर लागते, म्हणजे सिलिंडरवर कमी-जास्त खोलीचे बारीक खळगे कोरून त्यांत शाई भरायची पद्धत. ती नाशिकरोडला नव्हती. १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटे निघाली, तेव्हा ती आली. गंमत म्हणजे, १९४८ मध्येच पाकिस्तानसाठीच्या नोटाही इथे छापल्या जात होत्या. भारताचीच नोट, वर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. देश वेगळा झाला तरी नवी प्लेट, नवा कागद आणि तो छापणारे हात महिन्याभरात उभे राहत नाहीत.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीच्या निर्णयात नेमका हाच हिशेब राहून गेला. नोटेला आधी पार्श्वभूमीची ऑफसेट छपाई, मग इंटाग्लिओ, मग क्रमांक, मग तपासणी, मग कापणी. इंटाग्लिओची शाई जाड थरात बसते, ती वाळायला वेळ लागतो. घाईने गठ्ठे रचले की एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. कागदाने हवेतला ओलावा घेतला की तो किंचित वाढतो आणि दुसऱ्या छपाईची रेघ पहिल्यावर बसत नाही. पाळ्या वाढवून यंत्र जास्त तास चालते, शाई लवकर वाळत नाही. भरीला आकार बदललेला: जुनी पाचशेची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर, नवी १५० बाय ६६. म्हणून देशभरातल्या सुमारे दोन लाख एटीएमच्या कॅसेटची मापे एकेक करून बदलावी लागली. छापलेली नोटही त्यामुळे लोकांपर्यंत पोचेना.

आता म्हणतात, मोबाईल प्रेसला खाणार. सरसकट तसे होताना दिसत नाही. पत्रे कमी झाली, तिकिटे घटली. फ्रँकिंग (यंत्राने उमटवलेला शुल्काचा शिक्का) आणि ई-मुद्रांकाने छापील मुद्रांकाचे काम कमी केले. नोटांचे उलट झाले. यूपीआय घराघरात पोचूनही चलनातल्या नोटांचे मूल्य नोटबंदीच्या आधीपेक्षा दुपटीहून अधिक आहे. आणि पासपोर्टमध्ये आता चिप आली. तिची अँटेना वेष्टनात असते. पुस्तिका दुमडली, टाचणी मारली की ती तुटू शकते. यंत्राला काहीच वाचता आले नाही तर दोष छपाईचा, जोडणीचा की वापरणाऱ्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणजे तपासणीचे काम संपलेले नाही, त्याचे स्वरूप बदलले आहे. तिकिटे आणि मुद्रांक विभागांतल्या माणसांना या कामाचे रीतसर प्रशिक्षण मिळायला हवे. कागद हातात घेऊन त्यातली खोट ओळखणारी नजर नव्या भरतीत मिळत नाही.

दुसरी मागणी लहान आहे. अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे; तिथे छपाईसाठीही एक दालन असावे. बाद झालेले एखादे जुने यंत्र, खोल आडवे चरे पाडून निकामी केलेली प्लेट, धाग्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी शेजारी, मागून दिवा. मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात प्रेसची जुनी यंत्रे भंगारात गेल्याचे उघड झाले होते, तेव्हा सुरक्षेचा आक्षेप येणारच. पण मुख्य दाबाचे भाग कापून काढलेले यंत्र छपाई करू शकत नाही. ते भंगारवाल्याकडे जाण्यापेक्षा काचेमागे जास्त सुरक्षित राहील.

छपाई व्यवसायातील काही वाचक,
जेलरोड, नाशिकरोड