समन्सच्या कागदावर एवढे तरी लिहा: तुम्ही कोण, कुठे आणि कशासाठी

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीमहोदय,

कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायालय ऐकून घेत नाही. ते योग्यच आहे. पण मग ज्याच्या हाती न्यायालयाचा कागद पडतो, त्याला आपण कोणत्या प्रकारच्या प्रकरणात आणि कोणत्या नात्याने बोलावले गेलो आहोत, हे सांगायची जबाबदारी कोणाची? मी विधी स्वयंसेवक म्हणून लोकांना असे कागद समजावून सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: "म्हणजे मी आरोपी आहे का?" साक्षीला बोलावलेला माणूस हे विचारतो, दिवाणी दाव्यातला प्रतिवादीही विचारतो.

शेताच्या बांधाचे भांडण घ्या. घरच्यांच्या लेखी ते एकच भांडण असते, कायद्याच्या लेखी त्याचे चार तुकडे होतात. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांपुढे दावा, तोही अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातबाऱ्यावरच्या नोंदीची तक्रार महसूल अधिकाऱ्यांकडे. जमीन मुळात कोणाची, हे ठरवणार दिवाणी न्यायालय. आणि बांधावर हाणामारी झाली, तर फौजदारी. तिथेही दुखापत साधी असेल तर पोलीस अदखलपात्र नोंद करतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. तक्रारदार मात्र "केस केली आहे" म्हणून वाट बघत बसतो. फेरफार नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे न कळल्यामुळे कुटुंबे तहसील आणि प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतात. तोवर तहसीलदारांपुढची सहा महिन्यांची मुदत तर संपलेलीच असते.

कायद्याची शाखा चुकली की वेळ जातो. भूमिका चुकली की हक्क जातो.

दिवाणी दाव्यातल्या प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समन्समध्ये याचा उल्लेख असतो, पण ज्या भाषेत असतो ती वाचून सामान्य माणसाला एवढेच कळते की अमुक तारखेला हजर राहायचे आहे. तो त्या दिवशी प्रामाणिकपणे येतो, पुकारा होईपर्यंत बाकावर बसतो, न्यायाधीशांना तोंडी सगळे सांगायच्या तयारीत असतो. बोलण्याची वेळ साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर येते आणि त्याआधी लेखी म्हणणे द्यावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

फौजदारी खटल्यात गोंधळ वेगळा. ज्याच्यावर अन्याय झाला तो समजतो की सरकारी वकील हा आपला वकील. तो असतो राज्याचा वकील. खटल्याचे नावच "महाराष्ट्र शासन विरुद्ध" असे असते आणि फिर्यादी त्यात एक साक्षीदार असतो. तो स्वतःचा वकील देऊ शकतो, पण त्या वकिलाने सरकारी वकिलांच्या निर्देशाप्रमाणे चालायचे असते आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे, अशी तरतूद तिच्यात आहे. पण हा हक्क आहे हे माहीत असेल तरच कोणी विचारायला जाणार.

चेक न वटण्याची प्रकरणे तर दोन्ही शाखांच्या मधोमध पडतात. देणेघेणे पैशांचे, पण परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (Negotiable Instruments Act) कलम १३८ खाली ते फौजदारी प्रकरण होते. "मी चोरी केलेली नाही, मग आरोपी कसा?" हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. असे प्रकरण तडजोडीने मिटू शकते, हे त्याच कागदावर एका ओळीत सांगता आले असते.

सर्वांत उपेक्षित आहे तो साक्षीदार. त्याच्याविना खटला उभा राहत नाही आणि त्याचीच कोणी विचारपूस करत नाही. दिवाणी दाव्यात साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने त्याच्या प्रवासाचा व भत्त्याचा खर्च न्यायालयात भरायचा असतो. फौजदारी खटल्यात नियमांनुसार तो खर्च सरकारकडून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जिवाला धोका असेल तर संरक्षण मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आहे. मला भेटलेल्या बहुतेक साक्षीदारांना यातले काहीही ठाऊक नव्हते. उलटतपासात वकील कडक बोलतो, ते त्याचे कामच आहे, हेदेखील कोणी आधी सांगत नाही. मग तोच माणूस पुढच्या वेळी डोळ्यांसमोर अपघात झाला तरी मान फिरवून निघून जातो. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक समन्स आणि नोटिशीसोबत सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत एक पान जोडावे. प्रकरण दिवाणी आहे, फौजदारी, कौटुंबिक की महसुली. त्यात तुम्ही वादी, प्रतिवादी, आरोपी, फिर्यादी की साक्षीदार. तुम्ही काय करायचे, किती दिवसांत करायचे आणि न केल्यास काय होईल, हे त्यावर लिहावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हेही लिहावे आणि १५१०० हा मदत क्रमांक छापावा. बेलिफ किंवा पोलीस शिपाई कागद देईल तेव्हा निरक्षर माणसाला त्याने हे पान वाचून दाखवावे.

न्यायालयीन कागदांचे नमुने आणि नियम हा उच्च न्यायालयाचा अधिकार आहे, याची मला जाणीव आहे. तिथे आपण प्रस्ताव पाठवू शकता. पण महसूल कार्यालयांच्या नोटिसा आणि पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंदीची प्रत राज्य सरकारच्याच हातात आहेत. महसूल आणि गृह खात्याच्या मंत्र्यांशी बोलून तिथून सुरुवात करावी आणि पहिला मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर करावा. त्यावर काम करायला माझ्यासारखे अनेक विधी स्वयंसेवक विनामोबदला तयार आहेत.

आपला,
एक विधी स्वयंसेवक