डोळ्याचे थेंब चिठ्ठीशिवाय नकोत

ऊसतोडीच्या हंगामात उसाचे पाते डोळ्याला लागणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट. डोळा लाल होतो, पाणी गळते आणि माणूस थेट मेडिकलमध्ये जाऊन थेंब मागतो. हातात पडणाऱ्या बाटलीत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. लाली चटकन उतरते, म्हणून तीच बाटली घरात सगळ्यांना चालते. पण पात्याच्या ओरखड्यातून बुबुळात बुरशी शिरली असेल, तर स्टिरॉइडने ती फोफावते. पांढरा ठिपका दिसून रुग्ण डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मग डोळ्यात फूल पडते, नजर अधू होते. हेच थेंब महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचाही धोका.

जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरात डोळ्यांची साथ आली, तेव्हाही लोक असेच थेंब शोधत होते. विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा आपोआप बरे होतात, हे त्यांना कोणी सांगायचे?

चिठ्ठीशिवाय ही औषधे विकू नयेत, असा कायदा आहे. अन्न व औषध प्रशासनाने गळीत हंगामात तरी गावोगावची दुकाने तपासावीत आणि साखर कारखान्यांनी तोडणी कामगारांना साधे संरक्षक चष्मे द्यावेत.

– एक वाचक, बारामती