कोळंबीला मटणाचा हिशेब नको

संपादक महोदय, स. न.

पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या बाहेर पडल्या, की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कोळंबीच्या पाककृती सुरू होतात. हळद-तिखटाची मापं त्यांत पाव चमच्यापर्यंत काटेकोर असतात. शिजवण्याच्या वेळेला मात्र ‘झाकण ठेवून १५-२० मिनिटे’ किंवा ‘कुकरला दोन शिट्ट्या’ असं बेधडक छापलेलं असतं. त्या बरहुकूम केलं, की रश्श्यात रबराचे गोळे तरंगणार हे ठरलेलंच. मग दोष बिचाऱ्या कोळणीच्या मालाला!

मटण जास्त शिजवल्यावर मऊ होतं, कारण त्यातल्या चिवट तंतूंचं हळूहळू जिलेटिन होतं. कोळंबीत असे तंतू अगदी थोडे. आच लागली की तिचं मांस आकसतं आणि अंगातलं पाणी बाहेर टाकू लागतं. मध्यम कोळंबी उकळत्या रश्श्यात ३ ते ४ मिनिटांत होते, तापलेल्या तव्यावर एका बाजूला दीड-दोन मिनिटं पुरतात. करंदीला, म्हणजे बारीक कोळंबीला, मिनिट-दीड मिनिट खूप झालं. काचेसारखी करडी झाक जाऊन मांस आतपर्यंत पांढरं, वरून केशरी-गुलाबी दिसलं आणि कोळंबी अर्धवट वळली, की गॅस बंद करावा. शेपूट दुसऱ्या टोकाला टेकून पुरतं कडं झालं, म्हणजे वेळ हुकली. गॅस बंद केल्यावरही गरम रश्श्यात ती शिजत राहते, हेही धरूनच चालावं.

म्हणून कोळंबी सर्वांत शेवटी. कोळंबी-बटाट्याच्या रश्श्यात आधी बटाटा पूर्ण शिजू द्यावा, मग आमसुलं घालावीत. आंबट आधी पडलं तर बटाटा लवकर मऊ होत नाही, आणि त्याची वाट बघण्यात कोळंबीचा बळी जातो. वाटण शिजून, मीठ चाखून, रस्सा हवा तितका दाट झाला की कोळंबी सोडावी. कोळंबी भातासाठी ती मिनिटभर परतून बाजूला काढावी, भात जवळजवळ झाला की वर पसरावी आणि पाच मिनिटं मंद वाफ द्यावी.

दुसरा घोळ वजनाचा. ‘अर्धा किलो कोळंबी’ म्हणजे सोललेली की डोक्यासकट? डोकं आणि कवच गेल्यावर साधारण निम्मंच वजन हातात उरतं. अर्ध्या किलोचं मीठ-मसाला पाव किलोवर पडला, की कालवण खारट होतं.

साफ करताना आधी कवचासकट धुऊन घ्यावी. डोकं पिरगाळून काढावं, पायांच्या बाजूने कवच सोलावं आणि पाठीवर दोन-तीन मिलिमीटर खोल चीर देऊन काळा दोरा सुरीच्या टोकाने उचलावा. तो आतड्याचा असतो. राहिला तर दाताखाली वाळू कचकचते. अख्खी ठेवायची असेल तर पाठीवर दुसऱ्या-तिसऱ्या पेरामध्ये टूथपिक खुपसून दोरा अलगद ओढावा. सोलल्यानंतर पाण्यात भिजत ठेवू नये, चव पाण्यात जाते. डोकी लगेच काढावीत, कारण त्यांतल्या पाचकरसांनी लगतचं मांस पिठूळ पडतं. टाकू मात्र नयेत: डोकी-कवचं चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परतून तीन कप पाण्यात १५-२० मिनिटं उकळावीत आणि गाळावीत. छापलेली ती १५-२० मिनिटं खरी इथली! हे पाणी रश्श्याला किंवा भाताला वापरलं, तर वेगळ्या मसाल्याची फारशी गरज उरत नाही.

मीठ, हळद, तिखट लावून १५ मिनिटं ठेवणं पुरे. कच्चं आलं आणि लिंबू लावून दोन-दोन तास मुरवण्याचा सल्ला अनर्थकारी आहे. आल्यातलं विकर (एन्झाइम) मांस विरघळवतं, लिंबाने ते वरून पांढुरकं आणि कोरडं पडतं. तळायची असेल तर रवा-तांदळाचं पीठ तव्यावर टाकताना लावावं. आधी लावून ठेवलं तर ओलसर होऊन सुटतं. कढईत एका वेळी गर्दी केली की पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी उकडणं होतं.

फ्रीजरमधली कोळंबी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात सोडवावी. गरम पाणी नको, बाहेरचा थर अर्धा शिजतो. ताजी घेताना डोकं घट्ट, कवच अंगाला चिकटलेलं आणि वास समुद्राचा हवा. डोक्याजवळचे काळे डाग कापलेलं सफरचंद काळं पडतं तशाच क्रियेचे असतात; तेवढ्याने माल कुजला असं होत नाही, पण तो शिळा होत चालला आहे हे ओळखून भाव करावा. अमोनियाचा झोंबरा वास आला तर फुकटही घेऊ नये. आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ‘नीट शिजवली की चालते’ असं सांगू नये. तिच्यातलं मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही.

आपल्या पुरवणीत यापुढे प्रत्येक पाककृतीसोबत साफ केल्यानंतरचं वजन, किलोला किती नग बसतात तो आकार, आणि कोळंबी पातेल्यात पडल्यापासूनची मिनिटं एवढं छापावं, ही विनंती.

– एक वाचक, वसई