शुभास पत्र : दोनशे वर्षं मागे गेलेल्या बायांविषयी

चोडण, तिसवाडी
आषाढ वद्य दशमी

प्रिय शुभा,

तुझा निरोप ऐकला. काळात मागेपुढे जाणाऱ्या त्या प्रेमाच्या कादंबऱ्या मी इतका जीव लावून का वाचते आणि रात्रपाळी करून आलेल्या तुझ्यासारखीने त्या का वाचाव्यात, असं विचारलंस. फोनवर हे सांगून होणार नाही. तुझं मस्कतचं घड्याळ माझ्या दीड तास मागे, तू मोकळी होतेस तेव्हा माझे डोळे मिटत असतात. म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्र लांबेल, पण तू ते पुरतं वाचशील हे मला ठाऊक आहे.

आधी तुझी ती शंका, की वेळ कुठून काढतेस. वेगळा वेळ काढावा लागत नाही. उकडे तांदूळ शिजेपर्यंत चार पानं होतात. फेरीबोटीला रांग असली तर एक अख्खं प्रकरण होतं. रायबंदरला उतरून पणजीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली की पुढचं सुरू. पुस्तकं पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून आणते, नाही मिळाली तर मोबाइलवर वाचते. आई पडवीतून विचारते, "कितें गो वाचता इतलें?" आणि मी तिला गोष्ट सांगायला लागते. आता तीच रोज संध्याकाळी विचारते, त्या बाईचं पुढे काय झालं म्हणून.

ती बाई म्हणजे ‘आउटलँडर’मधली क्लेअर. डायना गॅबाल्डनची ही कादंबरी १९९१ साली आली. तुला मी पहिली हीच वाचायला सांगेन, कारण क्लेअर तुझ्यासारखीच नर्स आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करून थकलेली, युद्ध संपल्यावर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला सुटीवर आलेली. तिथे माळावर उभ्या दगडांचं एक रिंगण आहे. त्यातल्या एका दगडाला ती हात लावते आणि थेट १७४३ सालात जाऊन पडते. तिथे भेटलेल्या माणसांपैकी एका तरुणाचा खांदा निखळलेला असतो आणि बाकीचे तो जोर लावून भलत्याच दिशेने बसवायला निघालेले असतात. क्लेअरला ते बघवत नाही. आपण कुठे आहोत, ही माणसं आपल्याला मारतील की काय, यातलं काहीही कळलेलं नसताना ती पुढे होते आणि खांदा नीट बसवून देते. पुढे ज्याच्याशी तिचं आयुष्य बांधलं जातं तो जेमी तो हाच. प्रेमकथेची सुरुवात नजरानजरेने होण्याऐवजी सरळ कामाने होते, हे मला फार आवडलं. तू तिच्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस.

आणखी एक जागा आहे, ती उघड करून सांगते, कारण त्यासाठीच तू ते पुस्तक वाचावंस असं मला वाटतं. चेटकीण म्हणून क्लेअरवर खटला भरला जातो. तिच्याबरोबर दुसरी एक बाई असते. त्या गोंधळात क्लेअरला त्या बाईच्या दंडावर एक गोल खूण दिसते. देवीच्या लशीची खूण! जेन्नरची लस आली १७९६ साली, म्हणजे १७४३ सालातल्या कुणाच्या दंडावर ती असायचं कारणच नाही. एका व्रणावरून तिला कळतं की हीसुद्धा माझ्यासारखीच पुढच्या काळातून आलेली आहे. हे वाचलं आणि मी उठून आईकडे गेले. तिच्या डाव्या दंडावर तशाच दोन खुणा आहेत, कडेला बारीक सुरकुत्या पडलेल्या, मधली कातडी जराशी चकचकीत. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्यांवर बोट फिरवायचे. आपल्या देशात देवीचा रोगच संपला, म्हणून तुझ्यामाझ्या दंडावर ती खूण नाही. एवढीशी खूण माणूस कुठल्या काळातलं आहे ते सांगते, हे मला एका प्रेमाच्या कादंबरीने दाखवलं.

त्या पुस्तकातली सगळीच पानं मला आवडली असं नाही. मारहाणीची, छळाची काही पानं अंगावर येतात. ती मी भराभर उलटली, तूही उलट. पण दगडांपाशी परत आल्यावरची पानं मात्र सावकाश वाच. जेमी स्वतःच तिला तिथे आणून सोडतो, तुझ्या काळात जा म्हणतो. तिकडे तिचा लग्नाचा नवरा आहे, दिवे आहेत, औषधं आहेत. ती तिथे बसून विचार करत राहते, आणि गरम पाण्याची अंघोळ जवळजवळ जिंकणारच असते! मग ती उठते आणि जेमीकडे परत जाते. शुभा, निर्णय घ्यायला तिला तेवढी उसंत मिळते, कुणी हाका मारत नाही, कुणी घाई करत नाही. आपल्या ओळखीच्या किती बायकांना असं बसायला मिळालं?

रायबंदरच्या कॉजवेवरून बस जाताना हेच मनात असतं. तो लांबच लांब पूल पोर्तुगिजांनी १६३३-३४ साली बांधला. म्हणजे क्लेअर १७४३ सालात पडली तेव्हा त्याची शंभरी उलटून गेली होती. त्याच वर्षी मी इथे पडले असते तर काय झालं असतं, याचा मी खूप विचार केला आहे. चोडण तेव्हा पोर्तुगिजांकडे आणि तुझी डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांकडे. चिमाजीअप्पांनी वसई घेऊन चारच वर्षं झालेली, म्हणजे दोन्हीकडे संशय भरलेला. तू आणि मी दोन वेगळ्या राज्यांच्या रयत झालो असतो गं. आज मयेच्या बाजूने मी स्कूटर काढते आणि तुझ्या लेकीला, चिनूला भेटून येते, तेवढ्या अंतरात!

आणि मी कुठल्या घरात उतरले असते त्यावर सगळं ठरलं असतं. हे मला ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ने शिकवलं. १९७९ सालची कादंबरी. १९७६ सालातली डेना ही काळी तरुणी पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तिथल्या एका गोऱ्या मालकाचा मुलगा संकटात सापडला की ती ओढली जाते, आणि तोच तिचा पूर्वज आहे! तो वाचला नाही तर तिचा वंशच उरणार नाही. ही प्रेमकथा नव्हे, तरी ती मी या सगळ्यांच्या मधोमध ठेवते. भूतकाळात गेलेली प्रत्येक बाई वाड्यात राणी होत नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं, त्याच सुमारास मंगेशाला कुट्ठाळीहून रातोरात नदीपार नेलं. त्या काळात उतरणारीच्या गळ्यात काय आहे, ती कुठल्या जातीची दिसते, तिला पाणी कोण देईल, हे जिला लिहिता येत नाही तिने त्या काळाची प्रेमकथा लिहू नये. या बाबतीत माझं मत फार कडक आहे.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहिते आहे ते सांगते. ऑड्री निफेनेगरचं ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’, २००३ सालचं. यातला हेन्री शिकागोतल्या एका ग्रंथालयात कामाला आहे. काळातून घसरणं हा त्याचा आजारच आहे. कधी घसरेल ते त्याच्या हातात नाही, आणि अंगावरचे कपडेसुद्धा बरोबर जात नाहीत. क्लेअरच नावाची त्याची बायको त्याला पहिल्यांदा भेटते तेव्हा ती ६ वर्षांची आणि तो ३६ वर्षांचा. पण हेन्रीच्या रोजच्या काळात पहिली भेट होते तेव्हा ती २० वर्षांची, तो २८ वर्षांचा, आणि तो तिला ओळखतच नाही! तिने त्याची लहानपणापासून वाट पाहिलेली आणि तो विचारतो, आपण कोण? मोठा पुरुष लहान मुलीला भेटायला येतो या भागाने मला अवघडायला झालं, अजूनही होतं. पण त्यांची मुलगी आल्बा आली आणि मी फेरीतच रडले. हेन्रीला ती दहा वर्षांची झालेली आधीच भेटते, आणि तिच्याच तोंडून त्याला कळतं की ती पाच वर्षांची असताना तो गेला.

मला चिनू आठवली. मे महिन्यात तू आलीस तेव्हा तिच्यासाठी आणलेला तो पिवळा फ्रॉक तिच्या खांद्यांतून खाली उतरेना. तू मापं गेल्या वर्षीची धरली होतीस. तू हसलीस, फ्रॉकची नीट घडी घालून बॅगेत ठेवलीस आणि नंतर मला मागच्या अंगणात म्हणालीस, "मी दरवेळी वेगळ्याच मुलीला भेटते गं." त्यावर मला तेव्हा काही बोलता आलं नाही. या कादंबऱ्या तुझ्यासाठीच आहेत, शुभा. ज्यांची माणसं एका घड्याळावर चालत नाहीत, त्यांचं दुःख त्यांत खोटं गोड न करता लिहिलेलं असतं. तू लांब राहून कमावतेस, चिनू इथे आजीजवळ वाढते, आणि तुमच्यातलं प्रेम या उड्यांतूनही टिकून आहे. तुला ते दर वर्षी नव्याने उभं करावं लागतं. त्याला किती बळ लागतं हे मला आल्बाने समजावलं.

आपल्याकडे अशा गोष्टी नाहीत असं म्हणू नकोस. नारळीकरांचे गंगाधरपंत मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या हिंदुस्थानात जाऊन आले, ती कथा मला फार प्रिय आहे, पण तिच्यात प्रेम नाही. प्रेम हवं तर भागवताच्या नवव्या स्कंधात जा. राजा ककुद्मी आपल्या रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, हिला वर कोण म्हणून विचारायला. तिथे गाणं चाललेलं असतं, ते संपेपर्यंत बापलेक थांबतात. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात! मनात धरलेले सगळे वर, त्यांची मुलं-नातवंडं, कुणी म्हणजे कुणी उरलेलं नसतं. ब्रह्मदेव बलरामाचं नाव सुचवतो. विष्णुपुराण म्हणतं की ती फार उंच होती, म्हणून बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या बायकांएवढी केली. तिच्या मैत्रिणी गेल्या, आई गेली, उंचीसुद्धा गेली, आणि तिला काय वाटलं ते कुणीच विचारलं नाही. रेवतीच्या तोंडून ही कादंबरी मराठीत कुणीतरी लिहावी असं मला फार मनापासून वाटतं. बलराम वाईट नव्हता. पहिल्या रात्री त्याने तिला विचारलं असेल का, तुझ्या काळात पाऊस कसा पडायचा?

आणि ती गोव्यात घडवायची तर दगडांचं रिंगण शोधायला स्कॉटलंडला जायला नको. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेले बैल आहेत, हरणं आहेत, आणि एकात एक वळसे घेत आत जाणारं गोल चक्रव्यूहासारखं चित्र आहे. हिवाळ्यात गेले होते तिथे. चपला काढून त्या दगडावर उभी राहिले. ऊन पडलं होतं तरी दगड गार होता, आणि वळशांच्या खाचांत पिवळी पानं अडकलेली होती. इथून पाय आत टाकावा आणि कुठेतरी निघावं असं मला खरोखर वाटलं.

शेजारचा मुलगा शनिवारी मस्कतला परत येतो आहे. त्याच्याबरोबर क्लेअर आणि हेन्री दोघांनाही पाठवते. लायब्ररीची प्रत नाही, विकत घेतली आहे, तेव्हा पेन्सिलीने खुणा कर, मला त्या बघायच्या आहेत. आईने आमसुलाची सोलां आणि थोडं खारं, म्हणजे सुकी मासळी, बांधून दिलं आहे. सध्या मासेमारी बंद, म्हणून ताजं काही नाही.

आणि एक काम कर. क्लेअरने केलेले उपाय वाचताना तुझ्या डोळ्यांनी तपास. हाती पेनिसिलिन नाही, थर्मामीटर नाही, आहे ते उकळलेलं पाणी, दारू आणि लसूण, आणि समोर तापाने फणफणलेला माणूस. पहिल्या तासात तू काय करशील, ते मला सविस्तर लिहून पाठव. रेवतीची गोष्ट कुणी लिहिली नाही तर मीच लिहायला घेणार आहे, आणि तिच्यात एक तापाचं प्रकरण घालायचं मी ठरवलं आहे.

तुझीच,
नंदा