मैदानाची कामे थंडीतच उरका

महोदय,

ब्रिटनसारख्या थंड देशांत गोल्फच्या मैदानांवर चर खणणे, माती मोकळी करणे ही कामे हिवाळ्यात, खेळ कमी असताना उरकतात. आमच्या गावच्या मैदानाची आठवण मात्र मे महिन्यात होते. गेल्या वर्षी टाकलेला भराव जूनच्या पहिल्या सरींतच वाहून गेला आणि जांभ्या दगडाची टोके वर आली. त्यावर पडून माझ्या मुलाचा गुडघा फुटला. कोकणात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पाण्याला वाटच नसेल, तर माती किती ओतणार? डिसेंबरातच चर खणा, माती घालून, पाणी मारून रोलर फिरवा. क्रिकेटचे सामने पंधरा दिवस पुढे ढकलायला आम्ही पालक आनंदाने तयार आहोत.

– एक पालक, गुहागर