काका, तुमच्या पडवीतल्या वर्गाबद्दल

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

इन्स्ट्रुमेंट ग्राउंड इन्स्ट्रक्टरचं, म्हणजे फक्त यंत्रांकडे बघत विमान कसं चालवायचं ते जमिनीवर शिकवणाऱ्याचं, प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा घरी पेढे वाटले गेले आणि कौतुक सगळं माझं झालं. परीक्षा अमेरिकेत दिली, पण तयारी वेंगुर्ल्यात तुमच्या पडवीत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

अमेरिकेत विमान चालवायला शिकताना मी वैद्यकीय तपासणीत अडकलो आणि गावी परतलो. घरात विमानाचा विषय कुणी काढेनासं झालं होतं. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत विचारलंत, "शिकवायला कोण अडवतंय?" नुसतं विचारून थांबला नाहीत, तिथले नियम मुळातून वाचून दाखवलेत. वय किमान १८, इंग्रजी नीट यायला हवं, दोन लेखी परीक्षा, दोन्हींत ७० टक्के. एक परीक्षा शिकवण्याच्या शास्त्राची, दुसरी इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगची. वैद्यकीय प्रमाणपत्राची अट नाही. नौदलाच्या इल्युशिन-३८ या टेहळणी विमानातून अरबी समुद्रावर रात्री-अपरात्री, ढगांतून उडालेल्या माणसाने हे सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला.

सुरुवात तुम्ही यंत्रांपासून केली नाहीत, कानापासून केलीत. सलूनमधली मोडीत निघालेली फिरती खुर्ची तुम्ही पडवीत आणून ठेवली होती. भाच्याच्या डोळ्यांवर पंचा बांधलात आणि खुर्ची एकाच संथ गतीने फिरवत राहिलात. थोड्या वेळाने तो म्हणाला, "थांबली." खुर्ची फिरतच होती. मग तुम्ही ती खरोखर थांबवलीत, तर म्हणाला, "आता उलटी फिरतेय." कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव काही सेकंदांत नलिकेच्याच वेगाने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या पोराच्या चेहऱ्यावर ते पाहिलं तेव्हा ढगात शिरलेल्या वैमानिकाचं काय होतं ते उमगलं. विमान वळत वळत खाली चाललेलं असतं आणि शरीर शपथेवर सांगत असतं की आपण सरळ आहोत. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग न येणाऱ्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत उडायला लावलं होतं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा तुम्ही खुर्चीनंतर सांगितलात. आधी सांगितला असतात तर मी नुसता पाठ केला असता.

अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त यंत्रांकडे बघत उड्डाण करून विमान परत उतरवलं, ती हकिगत तुम्ही किती रंगून सांगायचात! विमान कललंय का ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज आणि ते स्थिर ठेवणारी फिरती चकती, म्हणजे जायरो, तिथून पुढे आपोआप आले.

आषाढातला तो अल्टिमीटरचा, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचा, दिवस माझ्या सगळ्यात जवळचा. भिंतीवरचा बारोमीटर १००० हेक्टोपास्कलवर उतरला होता. तुम्ही विचारलंत, "१०१३वर ठेवलेला अल्टिमीटर आज काय दाखवील?" १०१३ हा समुद्रसपाटीचा प्रमाण दाब; हेक्टोपास्कलमागे सुमारे ३० फूट धरले, तर खऱ्या उंचीपेक्षा जवळजवळ ४०० फूट जास्त. रेडिओ लहरींनी धावपट्टीकडे नेणाऱ्या आयएलएस यंत्रणेच्या साध्या, म्हणजे कॅट-१ अप्रोचला २०० फुटांवर ठरवायचं असतं की उतरायचं की परत वर जायचं. चूकच त्याच्या दुप्पट. "आता चिपी विमानतळाचा सडा, ते कातळाचं पठार, डोळ्यांपुढे आण," म्हणालात, "आणि सड्याला टेकलेला ढग." अमेरिकेत दाब पाऱ्याच्या इंचांत मोजतात, १०१३च्या जागी २९.९२ येतं. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मला सडाच दिसला.

आणि तांडेलमामा! होल्डिंग पॅटर्न, म्हणजे पुढच्या परवानगीची वाट बघत आकाशात घालायच्या लांबट घिरट्या, मला नीट आलंय की नाही, हे बघायला तुम्ही त्यांना समोर बसवलंत. विमानात कधी न बसलेल्या माणसाला समजावता आलं तरच आलं म्हणायचं, ही तुमची अट. मी सांगत होतो की वळणं उजवीकडे, सेकंदाला ३ अंशांनी, म्हणजे अर्धं वळण एका मिनिटात. ठरलेल्या बिंदूकडे येताना सरळ एक मिनिट, वारा नसेल तर जातानाही तेवढंच. येताना आडव्या वाऱ्यासाठी ५ अंश नाक वळवावं लागलं, तर जाताना तिप्पट, १५ अंश. तिप्पट का, ते सांगायच्या आतच मामांनी विचारलं, "मगे वळताना वारो गप रवता काय?" वळणाच्या दोन मिनिटांत वाऱ्याची भरपाई करता येत नाही, म्हणून तिन्ही मिनिटांचं वाहणं जातानाच्या एका मिनिटात भरून काढायचं. समुद्रात जन्म काढलेल्या माणसाने नियमाचं कारण प्रश्नातच सांगून टाकलं. विद्यार्थ्याचा प्रश्न पुरा ऐकून घ्यायचा, हे मी त्या संध्याकाळी शिकलो. शिकवण्याच्या शास्त्रात एक नियम आहे, पहिल्यांदा शिकलेलं सर्वांत घट्ट बसतं. मला शिकवणं पहिल्यांदा तुमच्याकडून शिकायला मिळालं, हे माझं मोठं भाग्य.

काकूंचेही आभार. जेवणं उरकल्यावर पुस्तक घेऊन त्या मला प्रश्न विचारत बसायच्या आणि उत्तर अर्धवट वाटलं की पुढचा प्रश्न घ्यायच्याच नाहीत.

आता अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे यंत्रांवरून उडण्याची परवानगी, मिळवू पाहणारी आपल्याकडची काही मुलं माझ्याकडे ऑनलाइन शिकतात. त्यांच्या लेखी परीक्षेच्या शिफारशीवर सही करण्याचा अधिकार मला आहे, आणि प्रत्येक सहीआधी मी त्यांना घरातल्या कुणाला तरी होल्डिंग समजावून सांगायला लावतो. तुमच्या वहीतल्या आकृत्याही त्यांना देतो. त्यांच्याखाली तुमचं नाव घालायची परवानगी हवी आहे. दोनदा नाही म्हणालात, या वेळी कृपा करून हो म्हणा.

तुमचा विद्यार्थी